अण्णाच्या नावानं तक्रार

लॉरीवाला दुसऱ्याच दिवशी सुटून घरी कसा गेला रे? ओरत्तनाडूच्या रस्त्यावर माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, त्यानं चिरडलं. ठाण्यात विचारलं, तर मलाच हाकललं.

तेरावं झाल्यावर मी राजवाड्यामागच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये गेलो. अण्णा तिथं तलवारींचा ऑनलाइन गेम खेळायचा. त्याचा पासवर्ड टाकला. त्याचा गडी पडद्यावर उभा राहिला, पण मला चालवता येईना. तेवढ्यात कुणीतरी येऊन त्याला कापलं, लुटलं.

शेजारच्या खुर्चीत अण्णासोबत रोज खेळणारा सेल्वम खिदळला. "सवयीनं मीच मारलं रे, तंबी, धाकट्या भावा!"

पडद्यावर इंग्रजी आलं. मी मालकाला बोलावलं. त्यानं वाचलं, "तुझा खून झालाय. खुन्याची तक्रार करायची का?"

सेल्वमचं हसू गेलं. "नको रे! खुनी म्हणून माझं नाव लाल होईल. दिसेन तिथं खेळातले पहारेकरी मला कापतील, सगळी कमाई जाईल. तुझा अण्णा कधी तक्रार करत नव्हता."

"तो मेलाय!"

"ठाऊक आहे रे. पण हा खेळ आहे ना?"

मी त्याची कॉलर धरली. मालक ओरडला, "मारामारी बाहेर! इथं होय की नाही, ते दाब."

तक्रार करायची का, हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. कॉलर सोडली आणि अण्णाच्या नावानं 'होय' दाबलं.