ट्रंकेतली पांढरी साडी

—हात वर कर, गिरिजा, आणि ते हुंदके आवर. नवरी हुंदके देऊ लागली की निऱ्या तिरक्या बसतात. तुझी आई सेक्टर त्रेचाळीसच्या स्थानकावर उतरली, बॅग मात्र बसमध्येच राहिली — तुझी लग्नाची साडी एव्हाना मनालीची हवा खात असेल — म्हणून काय लग्न थांबते? चारुशीलामावशी अजून जिवंत आहे ना? तासाभरात मंडळी चर्चमध्ये जमतील. कुणालला थोडे ताटकळू दे. नवऱ्याला ती सवय पहिल्याच दिवशी लागलेली बरी.

डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणतेस? येणारच. माझ्या स्वतःच्या लग्नातली आहे ही. आपल्यात नवरीला पांढरीच साडी, हे शेजारच्या मिसेस अरोरांना अजून पटलेले नाही — ‘हाय रब्बा, सफेद?’ म्हणून मघाशी गालावर हात ठेवला त्यांनी. काय? फॉल नवा दिसतो? दिसेल, मागच्याच महिन्यात लावून घेतला. — या वयात मी ही कुठे नेसून जाणार होते? — सरळ उभी राहा. — बरे, ऐक. वर जाणार होते. मला शेवटची नेसवायला म्हणून काढून ठेवली होती. — अगं, हलू नकोस, पिन टोचेल! ही नेसून अजून कोणी मेलेले नाही, बाई!

पाळकसाहेब मला नेहमी टोकतात, ‘चारुशीलाबाई, स्वर्गाची ओढ उत्तम, पण मुलांची रविवारची शाळा कोणी घ्यायची?’ मी म्हणते, माझे सामान बांधून झाले आहे, आता मला इथे गुंतवू नका. सामान बांधलेल्या माणसाला कोणी काम सांगत नाही, हा त्यातला मोठा फायदा. पण आज सकाळी फोनवर तुझ्या आईचा रडवेला आवाज ऐकला, आणि मी विचार करण्याआधीच माझे पाय ट्रंकेकडे वळले. साक्षात प्रभूने ही साडी मागितली असती, तर मी आधी दोन प्रश्न विचारले असते!

धुवून परत देशील? — नको. ठेव तुला. — खरे सांगू? मला वाटायचे, हीच नेसून गेले की तिथल्या गर्दीत आमचे विश्वनाथराव मला ओळखतील; चष्मा तर ते इथेच ठेवून गेले आहेत. — नाही, रडत नाही मी. तोंडात पिन धरली की माझ्या डोळ्यांना पाणी येते. — पाळकसाहेबांना म्हणावे, येत्या रविवारपासून मुले माझ्याकडे. उशिरा येणाऱ्याची मात्र गय होणार नाही. आणि विश्वनाथरावांनी नाही ओळखले, तर मी हाक मारीन. माझी हाक ऐकून ते चहा अर्धा टाकून उठत असत.

झाले. आरशात काय पाहतेस? पदर सरळ आहे, मी लावला आहे. नीघ.