मुदतवाढीचा अर्ज

लकडगंजच्या आमच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर नवेनवे आले होते, मी तिथं शिपाई. दोन्हींवर फाइल एकच, एका वेळी एकालाच उघडता यायची. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी ती मागितली की वानखेडे बाबूंच्या पडद्यावर हुकूम यायचा: दोन मिनिटांत सोडा, नाहीतर काढून घेऊ.

त्या दिवशी बाबू सकाळपासून बदल्यांची यादी टाइप करून राहिले होते. हुकूम आला. जतन करायचं एक बटण दाबलं असतं तर यादी वाचली असती. पण बाबू म्हणाले, "लेखी आलं, तर उत्तर लेखीच द्या लागते." पाच मिनिटांच्या मुदतीचा अर्ज लिहिला. "पळ गा!"

मी आधी आवक विभागात शिक्का मारून घेतला, मग बाईंकडे गेलो. कायदा म्हणजे कायदा! परतलो तर पडदा कोरा.

"बाबूजी, अर्ज मंजूर! बाईंनी दिवसभराची मुदत देल्ली. बसा आता टाइप करत."