उत्तमकाकाचं शीड

...नाही, माणसानं साधा सवाल केला तं साधा जवाब देता येत नाही का कोणाले? तुम्हाले सांगतो, आमच्या उत्तमकाकाचा सवाल दोनच शब्दांचा होता. 'वारा धरते?' बस. अन् त्या दोन शब्दांपायी त्या माणसाचं... थांबा, आधी डोंग्याचं सांगतो.

काकाचं वावर धरणाच्या पाण्यापलीकडे. सडकेनं गेलं तं अर्धा दिवस तिथंच मोडते, म्हणून एक लहानसा डोंगा. वल्हं मारून मारून खांदा असा जखडला, का सदऱ्यात हात घालायलेबी शालूकाकूले आवाज द्या लागते. तं काकूचा भाऊ राजकुमार लगेच हजर. 'दाजी, पाडव्याले वावर मले बटाईनं देऊन टाका, तुम्ही आराम करा.' साळा दाजीच्या आरामाची काळजी करून राह्यला! काका म्हणे, काही गरज नाही, मी डोंग्याले शीड लावतो. वारा डोंगा नेईन, खांदा घरी झोपला तरी चालते. फक्त कापड पाहिजे वारा धरणारं.

गेला धामणगाव बढेच्या बाजारात. ताडपत्रीवाल्यानं चार जणांले चार कोपरे धरायले लावले अन् मधात बादलीभर पाणी ओतलं. पाहा, म्हणे, थेंब गळत नाही. काका म्हणे, भाऊ, पाणी डोंग्याच्या खाली असते, मले वारा पाहिजे, वारा धरते? तो म्हणे, सोयाबीन झाका, कुटार झाका, पाहाचं काम नाही. अरे, वारा! तं त्यानं दुसरी बादली आणली! बाजूच्यानं शेडनेटची जाळी दाखवली, 'मिरचीले एक नंबर, हवा खेळती राह्यते.' खेळती! काकाले ती धरायची हाये, तिच्यासंग खेळाचं नाही!

मंग गेला गुलाबराव टेलरकडे. त्यानं आधी काकाचीच छाती मोजली. काका म्हणे, मापं डोंग्याची घे बे. घेतली. मंग विचारते, खिसे किती? शिडाले खिसे! 'मोबाईल कुठं ठेवान?' कापड वारा धरते का ते सांग, तं म्हणे, 'दोन धुण्यांत बसते अंगाले.'

काय कराव माणसानं? अन् मंग काकाले आठवलं स्वतःचं लगन. भर पंगतीत वावधन आलं अन् मंडप बांबू-बल्ल्यांसकट उडाला, एका बल्लीले आचारी लटकलेला. असं असते वारा धरणारं कापड! थेट माणिकराव बिछायतवाल्याकडे गेला, मंडप भाड्यानं देते तो. वारा धरते? माणिकरावचे डोळे भरून आले. म्हणे, 'उत्तमराव, वाऱ्यानं नेलेले मंडप मले अजून सापडून राह्यले.' पहिला माणूस, ज्यानं सवालाचा जवाब देला!

तं गुलाबी मंडप, पिवळी झालर, चढवलं डोंग्यावर. अन् काय वारा धरला, तुम्हाले सांगतो! डोंगा भर्रकन पलीकडे! काकानं आनंदानं मागं पाह्यलं... तं काठावर अर्धं गाव, धुतल्या कपड्यांत. काऊन? आमच्याकडे मंडप दिसला का माणूस पत्रिका विचारत नाही, पंगत विचारते. शंकरराव तं काकूले म्हणे, 'नवरदेव पाण्यातून आणला का? बरं, बसाचं कुठं?' आता उपाशी माणूस काकू वापस लावीन काय? टाकल्या बट्ट्या, शिजवलं वरण, जेवून गेले सगळे.

दुसऱ्या दिवशी काकानं झालर उसवली, कापड उलटं केलं. आतून पांढरं. आता कोण येते पाहू, म्हणे, अन् गेला वावरात.

आले ना! हळूहळू, टोप्या घालून, गुपचूप. पांढरा मंडप म्हणजे तेरवी! बाया काकूच्या गळ्यात पडल्या. काकू म्हणे, अवं, ते जित्ते हायेत, वावरात गेलेत. तं बाया एकमेकींले म्हणे, धक्का बसला बिचारीले, भरमते. राजकुमार तं सर्वांत जोरात रडला. चार म्हाताऱ्यांसमोर म्हणे, माझी बहीण एकटी पाण्यापलीकडे कशी जाईन? वावर मी पाहतो. चौघांनी माना हलवल्या. सुपारी फुटली, बोलणं पक्कं.

सांजच्याले काका वाऱ्यावर झुलत काठाले लागला. समोर पंगत. 'अरे, मी जित्ता आहो!'

शंकररावनं घास गिळला. 'चांगली गोष्ट हाये, उत्तमराव. पण चौघांत शब्द गेला. तेरवीतला शब्द फिरत नाही. बसा, बट्टी गरम हाये.'

बसला काका. जेवला. स्वतःच्या तेरवीत दुसऱ्यांदा वरणबी मागतलं, करते काय!

आता पाडव्यापासून राजकुमार जाते डोंग्यात, पाय पसरून, शिडाच्या सावलीत. काका काठावर बसून पाहते. अन् आता, आता, येणारा-जाणारा थांबून विचारते, 'काहो उत्तमराव, ते कापड वारा धरते काय?'

'धरते,' काका म्हणते. 'मीच निवडलं.'