हिरोजीचा हिवाळा

(१९३३ सालचा पौष. आंबेनळीच्या वरच्या अंगाची एक वाडी. तुळसा झऱ्यावरून पाणी घेऊन आलीय. तिची सासू सगुणाबाई चुलीपाशी बसलीय.)

तुळसा : पडवीत पिंजरा नाय. आत्याबाई, माझा हिरोजी कुठं हाय?

सगुणाबाई : वरडू नको. पळाला नाय तुझा राघू. वर बघ.

तुळसा : वर कुठं?

सगुणाबाई : चुलीवर गो. आढ्याला.

तुळसा : अगो बाय! धुरात टांगलात त्याला?

सगुणाबाई : उबेत टांगला. रातभर पिसं फुगवून बसला होता पडवीत. मान आत घालून. लोकरीचा गुंडा झाला होता नुसता.

तुळसा : उतरवा आधी! माझा हात पोचत नाय.

सगुणाबाई : थांब, पाटावर चढते. हां... धर. हळू, तळाची काडी सुटलीय.

तुळसा : डोळे बघा त्याचे, उघडत पण नाय. चोच वासून दम घेतोय. शेपूट बघा कसं वरखाली होतंय! हिरोजी... ए हिरोजी...

सगुणाबाई : बाहेर वाऱ्यावर ने.

तुळसा : बाहेर दवानं गवत पांढरं पडलंय! धुरातून काढू नि गारठ्यात घालू?

सगुणाबाई : मग दारात उभी ऱ्हा. निम्मी आत, निम्मी बाहेर. पदर घाल पिंजऱ्याभवती. तोंडावरनं नको गो, कोंडेल तो!

तुळसा : आता कळवळा आलाय. तुमाला तो पहिल्यापासून नकोच होता.

सगुणाबाई : नकोच होता. मी सून मागितली होती. तिच्यासंगं माहेरचा पाव्हणा कुणी मागितला होता?

तुळसा : म्हणून मारायला टांगलात?

सगुणाबाई : काय बोललीस?

तुळसा : बोलले ते बोलले. तुमचा लेक म्हमईला. वाडीतली माणसं दिसभर गुरांमागं. ह्याच्याशी बोलते म्हणून दिस ढकलतो माझा. हा गेला ना, तर मी घाट उतरून पोलादपूरला जाईन. माझ्या राहीअक्काकडं. पुन्यांदा वर यायची नाय. सांगून ठेवते.

सगुणाबाई : परत वर बघ.

तुळसा : नाय बघायचं मला.

सगुणाबाई : बघ म्हणते ना. काय काय टांगलंय?

तुळसा : नाचणीची कणसं. काकडीचं बी. तो एक भोपळा.

सगुणाबाई : खायाचं हाय काय त्यातलं?

तुळसा : नाय. बियाणं हाय.

सगुणाबाई : पेरणीपर्यंत जगवायचं ते सगळं तिथं. कीड लागत नाय, उंदीर पोचत नाय, ओल धरत नाय. माझ्या सासूनं मला दावलं, तिच्या सासूनं तिला. जगवायचं ते चुलीवर. मग ह्याला मी कुठं ठेवणार होते?

तुळसा : बी दम घेत नाय, आत्याबाई.

सगुणाबाई : ते ध्यानातच आलं नाय गो माझ्या.

तुळसा : हिरोजी, डोळे उघड रे बाबा...

सगुणाबाई : चुकले. आता रडू नको. तुझं पाणी त्याच्या पाठीवर पडतंय. आधीच गारठलाय.

तुळसा : एक डोळा उघडला! आत्याबाई, बघितलंत?

सगुणाबाई : बघितला. माझ्याकडंच बघतोय मेला, रागानं.

तुळसा : रातीचं काय करायचं पण? निखाऱ्याचं गाडगं ठेवू पिंजऱ्याखाली?

सगुणाबाई : नको. परत तीच गत. माणसं निजल्या जागी गेल्यात निखाऱ्यापायी. घोंगडी घालू त्याच्यावर. तीन अंगांनी झाक, म्होरची बाजू उघडी ठेव.

तुळसा : घोंगडीनं भागंल? पडवीत वारा कापतो.

सगुणाबाई : पडवीत कोण ठेवतंय? गोठ्यात चल. ही भिंत बघ, म्हशीपाठची. हात लाव.

तुळसा : कोमट हाय!

सगुणाबाई : पहाटंला पण अशीच असते. म्हैस रातभर शेक देते, धूर ना निखारा. इथं खुंटीला अडकव पिंजरा. शिंग पोचणार नाय, एवढा उंच.

तुळसा : शेणामुताचा वास येतोय इथं.

सगुणाबाई : माझ्या नाथूला सांगते, म्हमईहून अत्तर आण हिरोजीरावांना.

तुळसा : आणि मांजर आलं तर?

सगुणाबाई : मी निजते ना हितं.

तुळसा : तुमची घोंगडी त्याला. तुमी काय पांघरणार?

सगुणाबाई : म्हैस काय एकट्या हिरोजीची हाय? जा, भिजवलेली डाळ आण चिमूटभर. मी घालते.

तुळसा : तुमच्या हातचं खाणार नाय तो आज.

सगुणाबाई : बघू तर. घे रे बाबा, घे. राग गिळ नि डाळ पण... आयो! चावला गो!

तुळसा : चावला? खरंच चावला?

सगुणाबाई : रगत काढलंन् नि तू हसतेस काय!

तुळसा : जोर आला त्याला, आत्याबाई! जोर आला!

* * *

राहीबाई : अगं बाई, तुळसा! किती वर्षांनी उतरलीस पोलादपूरच्या बाजाराला. सख्ख्या बहिणीचं घर विसरलीस होय गं?

तुळसा : घर सोडून निघता येत नव्हतं अक्का. सासू गेली शिमग्याच्या आधी. माझ्या मांडीवरच गेली.

राहीबाई : सगुणाबाई गेल्या? अरेरे. आणि तुझा तो राघू?

तुळसा : हिरोजी तिच्या आधीच गेला. चार हिवाळे काढलेन् गोठ्यात. मग एकदा उन्हाळ्यात, सकाळी बघितलं तर तळाला निजलेला. परसात फणसाखाली पुरला. म्हातारीनं कुदळ मला धरू दिली नाय.

राहीबाई : नाथूराव मुंबईलाच आहेत ना अजून?

तुळसा : गोदीत हायत. खोली घेतली, मला नेलं पण. एक पावसाळा काढला नि परत वर आले.

राहीबाई : काय म्हणावं तुला! का आलीस?

तुळसा : म्हातारीला दिसायचं कमी झालं होतं. एकटी काय करणार? आणि हिरोजी गेल्यावर ह्यांनी तिला म्हमईहून दुसरा राघू आणून दिला होता. तिनं हात पण लावला नाय. शेजारी देऊन टाकलान्. म्हणाली, नव्या कुणाला जीव लावायचं बळ नाय राहिलं माझ्यात.

राहीबाई : मग तुला बरी ठेवून घेतली?

तुळसा : मी तेच इचारलं तिला.

राहीबाई : काय म्हणाल्या?

तुळसा : म्हणाली, तू कुठं नवी हायस?