बांधाला हात लावू नये

(पनवेल, १९५९. एका साप्ताहिकाचा छापखाना. संपादक कमळाकर आणि खाडीकाठचा शेतकरी काशिराम.)

काशिराम : पन हा शब्द वाईट कसा, भाऊ? तुमीच छापलाय, तज्ज्ञशाही. जो जानतो त्याचं राज्य. मंग चांगलंच की!

कमळाकर : जाणतो म्हणून सल्ला दिला तर चांगलं. जाणतो म्हणून तुझं तोंड बंद केलं, की झाली तज्ज्ञशाही. तो चुकला तर त्याची बदली होते. तुझी होते का?

काशिराम : आमी कुटं जानार? खारजमिनीतच राहनार.

कमळाकर : मग! खाडीचा बांध सरकारने घेतला, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं?

काशिराम : इंजनेर साहेब बोलला, आता बांद आमचा. कोनी हात लावायचा नाय, माती टाकायची नाय. आमाला बरं वाटलं, भाऊ. खोटं कशाला बोलू? आजाच्या वक्तापासून मातीच्या पाट्या वाहून माना मोडल्या होत्या.

कमळाकर : आणि अवसेच्या उधाणात बांध फुटला.

काशिराम : पयला जरासाच. आदी बांद फुटल्याची आरोली पडली की घरटी एक मानूस पाटी घेऊन धावायचा. जेवनावरून उठून. अवसेला सगला गाव बांदावर उभा, आनि पाटी एकाच्याबी हातात नाय. खारं पानी भातात शिरताना बघत होतो. जत्रा बघावी तसं.

कमळाकर : साहेब कुठे होता?

काशिराम : अलिबागला. पाहनी करायला येतो बोलला. अजून येतोच हाय.

कमळाकर : हरामखोर! पहिल्या पानावर घेतो. नाव घालून!

काशिराम : घाला. पन परवा पुनव. दुसरं उधान आलं की उरलेलं भातबी जाईल. आज सकाली दारोदार आरोली मारली मी. काय बोलले म्हाईत हाय? साहेबाला इचारलंस काय? गनू, माझा चुलतभाऊ, तो बोलला, चुकीची माती पडली तर जबाबदार कोन?

कमळाकर : हीच रे ती तज्ज्ञशाही! हाडात शिरली तुमच्या!

काशिराम : तुमी येता? दोन हात वाढतील.

कमळाकर : येतो ना. न यायला काय झालं? फक्त माती कुठली, किती टाकायची, ते आधी एखाद्या जाणत्या माणसाला विचारून…

काशिराम : बरं.

कमळाकर : बस रे. असा उठू नकोस.

काशिराम : जातो, भाऊ. आई सकालपासून एकटीच माती टाकते तिथं. भरती लागायच्या आदी तिला घरी आनायला पायजे.