मडक्यातली काळी ज्वारी

पुलगाव स्टेशनावर आर्वीच्या गाडीची वाट पाहत दोघी बायका माझ्या बाकाशेजारी खाली बसल्या होत्या.

"आज दुपारीच आली वं बायजा? खोदकाम बंद हाय का?"

"चालू हाय. मले काढून टाकलं."

"काऊन?"

"सायबानं सांगतलं होतं, जमिनीतून निघन ते खापर धुऊन ठेवजो. आज अख्खं मडकं निघालं. आत राख होती अन् कोळसा झालेली ज्वारी. म्या ते सारं नाल्यात ओतलं अन् मडकं घासून लख्ख केलं."

"मंग बरोबरच तं केलं."

"सायेब म्हणे, मडकी ढीगभर हायेत, मले तो दाणा पाह्यजे होता. दोन हजार वर्साचा होता म्हणे. ज्वारी इकडे कोठून आली, ते त्याच्यावरून समजलं असतं."

"त्यात समजाचं काय हाय? पोरी आणतात सासरी. तूच नाई का नलूले बियाण्याचं गाडगं देलं?"

"देलतं. राखेत घोळून, तोंड लिपून."

"मंग तेबी बियाणंच असन. खायाची ज्वारी राखेत कोण ठेवते?"

"हो. पेराचं राह्यलं असन कोणाचं. माह्या ध्यानातच आलं नाई."

"नलूचं तरी पेरलं का तिच्या सासरी?"

"मिरगाच्या आधीच बाळंतपणात गेली ना पोरगी. सासूनं तिच्या लुगड्यासंगं गाडगं वापस धाडलं. तोंड लिपलेलंच होतं."

"काय केलं मंग त्याचं?"

"घरी फळीवर हाय. ते नाई धुतलं म्या."