वरची माशी

— नको, टेबलावर नको ठेवूस ते. खाली ठेव, फरशीवर. मांजरसुद्धा हुंगायचं नाही त्याला. केस रंगवायच्या रंगात बुडवलीस तू कोंबड्याची पिसं? आणि मला भेट म्हणून आणलीस? शी गं बाई. सगळ्या खोलीला सलूनचा वास सुटला. रंग बरोबर आलाय म्हणतेस — आलाय, शेवाळी आलाय, मी कुठं नाही म्हणतेय — पण हात लावून बघ, कडक झालंय पीस, पाण्यात हलणार कसं ते? मी कांद्याच्या सालीत उकळते, लापशीच्या पातेल्यात, आणि त्याच पातेल्यातली लापशी माझ्या भावानं, एंडानं, जन्मभर खाल्ली, काही झालं नाही त्याला. आता तू काय खायला घालतेस देवाला ठाऊक. बस. त्या स्टुलावर नको, तिथं तितराचं कातडं वाळतंय. खिडकीत बस, पण उजेड अडवू नकोस. हा गळ चिमट्यात धरलाय, त्यावर माशांना फसवायची पिसांची माशी बांधतेय, ती पुरी झाल्याशिवाय मी उठत नाही. आणि चहा ठेवलेला नाही मी. ठेवणारही नाही.

कशाला आलीस ते मला माहितीय, गोरेटी, घसा कोरडा करू नकोस. रविवारी क्लबची मासेमारीची स्पर्धा, आणि माझ्या भावानं तुला पाठवलंय सांगायला, की यंदा होडीत मागच्या फळीवर तू बसणार. बरोबर? बरोबरच. स्वतः यायची छाती नाही त्याची. लहानपणी काच फोडली की बाबांकडे मलाच पाठवायचा, तोच हा, साठी उलटली तरी तोच. किळस येते मला, खरंच सांगते. तुझी नाही — तुझीही येते थोडी, त्या पिवळ्या कोटाची येते, पाण्यावर पिवळा कोट घालून उभी राहिलीस तू परवा, अख्ख्या तळ्यानं बघितलं — होडीत उभं राहतात का गं? — पण त्याची जास्त येते. आणि तुमचं लग्न कधी, तर मे महिन्यात. मे महिन्यात. तळ्यातून खरी माशी उठते आणि तिच्यामागं मासे वर येतात त्या पंधरवड्यात आमच्याकडे कुणी मरतसुद्धा नाही, थांबतात बिचारे जूनपर्यंत. फादरना सांगितलं तर ते म्हणाले, डीलिया, मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांचीसुद्धा होडी असते की पाण्यात त्या दिवसांत.

हे बघ, बघायचं असेल तर. हे मानेचं पीस, म्हाताऱ्या कोंबड्याचं. शेपटीपासून डोक्यापर्यंत असं गुंडाळत न्यायचं, वर तारेचा वेढा उलट्या बाजूनं, म्हणजे माशाच्या दातानं सुटत नाही. मग पुढं तितराचं मऊ पीस, फक्त दोन वेढे. दुकानातल्यांना पिसाची हाव फार, झाडू करून ठेवतात नुसता. तू परवा लावली होतीस ती चमचमणारी, नारिंगी — ती माशी होती का गं? ख्रिसमसच्या झाडावरून काढल्यासारखी. ट्राउट माशाला हसू आलं असेल. एका दोरीला तीन माश्या असतात आपल्या, एवढं तरी सांगितलंय का त्यानं? टोकाला एक, मध्ये एक, आणि हातापासून जवळची ती वरची. खालच्या दोन पाण्यात बुडतात, त्यांना मासा लागला की हाताला आपोआप कळतं, तिथं गाढवसुद्धा मासे धरेल. पण वरची बुडत नाही. गळाची काठी उचलत आणायची आणि ती लाटेच्या तोंडावर नाचवायची, पिसं अशी ताठ, पाण्यावर रेघ ओढत. मोठा मासा तिच्यावर येतो. येतो, तोंडात घेतो आणि थुंकतो, आणि हाताला कळेस्तोवर गेलेला असतो. तिथं डोळ्यांचंच काम. म्हणून तर मागच्या फळीवर —

असू दे. तुला काय सांगायचं. तुला वाटतं मागं बसून सँडविच खायचं, बेटावर उतरून चहाची किटली चढवायची, आणि एंडा कसा देखणा दिसतो काठी हातात घेऊन ते बघायचं. दिसतो देखणा, नाही म्हणत नाही. बाबा गेल्यापासून तो पुढं, मी मागं, होडी वाऱ्यावर आडवी सोडलेली, दिवसदिवस एक शब्द नाही आमच्यात. लग्न नाही केलं मी, म्हणून लोकांना वाईट वाटायचं माझ्यासाठी. मला नाही वाटलं कधी. माझं सगळं त्या फळीवर होतं. आता तू बसणार तिथं, तुझा तो कोट घालून, हाताला ते लव्हेंडरचं क्रीम फासून. आणि त्याची वरची माशी कोण बघणार? तू? तुला लाट कळत नाही, वारा कळत नाही, तू त्याच्यासाठी बघणार?

त्याच्यासाठी म्हणजे काय म्हणजे? त्याला दिसत नाही म्हणून.

असं काय बघतेस?

अगं, सगळंच नाही गेलेलं. मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं, मधे नुसतं धुकं, वाचता येत नाही, सुई ओवता येत नाही — आणि डॉक्टर म्हणाले आता ते वाढतच जाणार — थांब. थांब जरा. त्यानं सांगितलं नाही तुला? गाडी का बंद केली सांगितलं? क्लच गेलाय? अरे देवा, क्लच. आणि तू विश्वास ठेवलास. चेहरा बघून भुलला असं वाटलं असेल तुला. तुझा चेहरा त्यानं धड बघितलेलाच नाही, बाई. मान तिरकी करून बघतो ना तुझ्याकडे? तुला ते लाजणं वाटलं. कडेनं बघतो तो, तेवढंच दिसतं म्हणून.

शी. काय माणूस आहे. लग्न आठवड्यावर आलंय आणि बायको होणारीला क्लच सांगतो. मला वाटलं होतं, तुला ठाऊक आहे आणि तरी तू उड्या मारत मागच्या फळीवर चढतेयस. त्याचाच राग होता मला. निम्मा. निम्मा दुसरा होता.

नाही, क्लबात कुणाला माहीत नाही. मी मागून बघते ना त्याची माशी. शब्द नाही काढत, आवाज पाण्यावर लांब जातो. खोकते. मी खोकले की तो काठी उचलतो. सगळ्या तळ्याला वाटतं डीलियाची छाती कमजोर आहे, फादर दर वसंतात काढा पाठवतात, आणि मी तो पिते, काय करणार. मला काही होत नाही, घोड्यासारखी आहे मी. आता माझ्याकडे बघू नकोस, बोलू दे. मी गप्प बसले तर काय होईल ठाऊक आहे तुला? रविवारी तो दिवसभर मासे चुकवेल. मासा येईल, सगळे बघतील, आणि एंडा गॉहन आपला धुक्यात बघत बसेल. धक्क्यावर हसतील. मंगळवारपर्यंत आंधळा म्हणतील. आणि तो येईल माझ्याकडे, लापशी खायला, आणि मागची फळी माझी. सरळ हिशोब आहे. तू आत आलीस तेव्हा हाच होता माझ्या मनात. तुझ्या त्या पिसांपेक्षा घाण वास येतोय त्याला.

हा कोट घे. माझा आहे, खुंटीवरचा, मातकट. मोठा होईल, होऊ दे. नको काय नको? घे म्हटलं ना. आणि नीट ऐक, मी दोनदा सांगणार नाही. त्याच्याकडे बघायचं नाही, वरच्या माशीकडे बघायचं. पाणी फुगेल, पिवळी कूस दिसेल — तेव्हा नाही. तेव्हा सगळे घाई करतात आणि माशाच्या तोंडातून माशी ओढून घेतात. मासा वळू दे. डोकं खाली, पाठ खाली, शेपूट बुडाली — तेव्हा. आणि तुला कळलंय हे त्याला आधी सांग, आज सांग, घरी गेल्या गेल्या. ओरडेल. ओरडू दे. मग खोकून दाखव.

आत्ता? हो, इथंच. खोक.

हे काय? चर्चमध्ये लक्ष वेधून घेतेयस का कुणाचं? छातीतून. लहान. एकच.

परत.

हं. परत. — ठीक आहे. ऐकू येईल त्याला. धक्क्यावर विचारतील डीलिया कुठंय म्हणून. अंथरुणावर आहे म्हण. आणि तू का खोकतेस विचारलं, तर सांग माझाच खोकला लागलाय. जा आता.